राजा चांगला असेल, तर राजेशाहीला हरकत कोणती?

अंत्रुजचा मास्तर (फोंडा)

नमस्कार. मी फोंडा तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात इतिहास शिकवतो. गेल्या आठवड्यात राज्यपद्धतींचा धडा चालू असताना अकरावीतील एका मुलीने उठून विचारले, "सर, शिवाजी महाराजांसारखा राजा मिळणार असेल, तर आपल्याला निवडणुका कशाला हव्यात?" वर्गातील बहुतेक मुले तिच्या बाजूची निघाली. त्यांचे म्हणणे मला उडवून लावता आले नाही. १९९० या एका वर्षात गोव्याने तीन मुख्यमंत्री पाहिले आणि वर्ष सरण्यापूर्वी राष्ट्रपती राजवटही पाहिली, हे त्यांनी घरी ऐकले आहे. एका चिन्हावर निवडून यायचे आणि नंतर दुसऱ्या पक्षात जाऊन बसायचे, हा प्रकार तर त्यांच्या डोळ्यांदेखत घडला आहे. मग राजा निदान पक्ष तरी बदलत नाही, हा त्यांचा युक्तिवाद मनाला लागतो.

राजेशाही वाईट आणि लोकशाही चांगली, असे फळ्यावर लिहून मला मोकळे व्हायचे नाही. राजेशाहीचे खरे गुण कोणते, तिचे दोष नेमके कोठे उगम पावतात, आणि ते आपल्या मुलखातील उदाहरणांनी कसे समजावून देता येतील, यावर जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

डिचोलीचा वाचक

मास्तर, त्या मुलीचा प्रश्न चांगला आहे, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. राजाचे गुण ही एक गोष्ट आणि राजेशाहीचे गुण ही दुसरी. शिवाजी महाराजांची थोरवी मी मनापासून मानतो. आमच्या तालुक्यातील नार्वे येथील सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार त्यांनी १६६८ मध्ये करविला, आणि त्या देवळात गेल्यावर आजही मान आपोआप लवते. परंतु महाराज ३ एप्रिल १६८० रोजी निवर्तले आणि तीन आठवडेही झाले नाहीत तोच, थोरले संभाजीराजे हयात असताना, रायगडावर धाकट्या राजारामांना गादीवर बसविण्यात आले. पुढे १७०७ नंतर ताराबाई आणि शाहू यांचा झगडा झाला आणि सातारा व कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या. ज्यांनी स्वराज्य उभे केले त्यांच्याच घरात हे घडले, यात माणसांचा दोष शोधण्यापेक्षा वारसा ठरविण्याच्या रीतीचा दोष पाहावा, असे मला वाटते. राजा कितीही थोर असला तरी आपल्यानंतर कोण, याची खात्री तो प्रजेला देऊ शकत नाही.

गोव्याचे उदाहरण तर याहून ठसठशीत आहे. पोर्तुगालचा तरुण राजा सेबास्तियांव १५७८ मध्ये मोरोक्कोच्या रणात मारला गेला. त्याला मूल नव्हते. त्याच्या आजोबांचे वृद्ध भाऊ काही काळ गादीवर बसले, तेही निपुत्रिक गेले, आणि १५८० मध्ये स्पेनच्या राजाने नात्याच्या आधारावर पोर्तुगाल घेतले. त्यामुळे १६४० पर्यंत, म्हणजे पूर्ण साठ वर्षे, गोव्याचा राजाही स्पेनचाच राजा होता. एका अविवाहित तरुणाच्या मृत्यूने हजारो मैलांवरच्या मांडवीकाठचा धनी बदलला, आणि येथील कोणालाही त्याबद्दल विचारण्याचे कारण पडले नाही.

विद्यार्थ्यांना मुंबईची गोष्टही अवश्य सांगा. १६६१ मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येचा विवाह इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी ठरला आणि मुंबई आंदणात देण्यात आली. हे बेट इंग्रजांच्या हाती गेले तर पुढे काय होईल, हे गोव्यात बसलेल्या व्हाइसरॉयला स्पष्ट दिसत होते. त्याने हस्तांतर शक्य तितके लांबविले, राजाला कळवळून लिहिले, पण शेवटी १६६५ मध्ये आज्ञा पाळली. तीन वर्षांनी चार्ल्सने तेच बेट ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड खंडाने देऊन टाकले. राजेशाहीत राज्य ही घराची मालमत्ता असते. लग्नात दागिने द्यावेत तसा मुलूख देता येतो आणि त्यावरची माणसे त्याच्याबरोबर जातात. तो व्हाइसरॉय शहाणा होता, पण मालकापुढे त्याचे शहाणपण चालले नाही. मला या पद्धतीतला सर्वांत मोठा दोष येथेच दिसतो.

साखळीकर

वरील प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, परंतु तो एका बाजूचा आहे. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. त्या काळी ब्रिटिश हिंदुस्थानात ते नव्हते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकरीतील निम्म्या जागा राखून ठेवल्या. त्या दिवशी कोल्हापुरात मतदान घेतले असते, तर ज्यांच्या हाती मतदान गेले असते, त्यांनी तो हुकूम हाणून पाडला असता. समाजातील वजनदार मंडळी विरोधात असताना दुबळ्यांच्या बाजूने उभे राहणे, आणि पुढच्या निवडणुकीकडे न पाहता तीस वर्षांनंतरचे पाहणे, हे राजाला जमते. हा राजेशाहीचा गुण मान्य करावाच लागेल.

दुसरे असे की, सगळ्यांना आपला वाटेल असा, पक्षाच्या पलीकडचा माणूस देशाच्या शिरोभागी असणे ही लहान गोष्ट नाही. २३ फेब्रुवारी १९८१ रोजी स्पेनमध्ये सशस्त्र शिपाई संसदेत शिरले आणि खासदारांना ओलीस धरले; त्या रात्री राजा हुआन कार्लोस याने दूरचित्रवाणीवरून संविधानाच्या बाजूने उभे राहण्याची आज्ञा दिली आणि बंड फसले. सैन्याने पंतप्रधानाचे ऐकले नसते, राजाचे ऐकले. भूतानच्या राजाने तर कोणी मागितले नसताना स्वतःच निवडणुका आणल्या.

डिचोलीचा वाचक

साखळीकर, आपली दोन्ही उदाहरणे मला प्रिय आहेत, म्हणूनच त्यांतील एक गोष्ट दाखवितो. सयाजीराव गादीवर जन्मले नव्हते. आधीचे महाराज मल्हारराव यांना इंग्रजांनी १८७५ मध्ये पदच्युत केले, आणि नाशिककडील कवळाणे गावातील शेतकरी घरातला मुलगा निवडून दत्तक घेण्यात आला. शाहू महाराजही कागलच्या घाटगे घराण्यातून १८८४ मध्ये दत्तक आले. म्हणजे आपण ज्या दोन राजांचा अभिमानाने उल्लेख करतो, ते दोघेही निवडलेले आहेत, आणि एकाच्या बाबतीत तर आधीच्या नालायक राजाला काढण्याची सोय बाहेरच्या सत्तेकडे होती. निवड आणि हकालपट्टी या दोन गोष्टी आल्या तेव्हा उत्तम राजा मिळाला. आपण फक्त ती निवड प्रजेच्या हाती असावी असे म्हणतो.

मडगावची वकील

मी दोन्ही बाजूंशी थोडी सहमत आणि थोडी असहमत आहे. गोव्यातील माणसाने या विषयावर बोलताना १९१० विसरता कामा नये. ५ ऑक्टोबर १९१० रोजी लिस्बनमध्ये राजेशाही संपली. त्यानंतर चर्च आणि राज्य वेगळे करण्यात आले, आणि गोव्यातील हिंदूंना शिक्षण व सरकारी नोकरीत समान हक्क मिळाले. माझ्या पणजोबांच्या पिढीला राजा जाण्याचा अर्थ पुस्तकातून समजावा लागला नाही. परंतु राजा गेला म्हणजे जुलूम गेला, असेही झाले नाही. १९२६ मध्ये लष्कराने प्रजासत्ताक उलथले, पुढे सालाझारची हुकूमशाही आली, आणि १९३० च्या वसाहत कायद्याने आम्हाला पुन्हा खालच्या पायरीवर बसविले. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांना सभेत बोलू दिले गेले नाही, तेव्हा पोर्तुगालमध्ये राजा नव्हता, राष्ट्राध्यक्ष होता. उलट त्याच वेळी नॉर्वे, स्वीडन, ब्रिटन या राजे असलेल्या देशांत माणूस भर चौकात सरकारवर टीका करू शकत होता. नॉर्वेच्या राजाने तर १९०५ मध्ये मुकुट स्वीकारण्यापूर्वी, प्रजेला मी हवा आहे का, हे सार्वमताने विचारा, अशी अट घातली होती.

म्हणून वर्गात मुकुट आहे की नाही हे विचारण्याऐवजी, सत्ताधाऱ्याला रक्त न सांडता घरी पाठविता येते का, हे विचारावे. साखळीकरांनी सांगितलेला स्पेनचा राजा उपयोगी पडला, कारण त्याने १९७८ च्या संविधानाखाली आपली सत्ता आधीच कमी करून घेतली होती. नेपाळच्या ज्ञानेंद्रांनी २००५ मध्ये नेमके उलटे केले, सारी सत्ता हाती घेतली, आणि २००८ मध्ये तेथील गादीच संपली.

एक गोष्ट आपल्या घरचीही सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय हा विचार प्रामाणिक होणार नाही. आपण गावकरीचा, म्हणजे गोव्यातील जुन्या गावसंस्थेचा, अभिमान बाळगतो. राजे बदलले, कदंब गेले, आदिलशहा गेला, पोर्तुगीज आले, तरी गावाची शेते, बांध आणि देवस्थाने गावकरांनी मिळून सांभाळली, आणि पोर्तुगिजांनाही १५२६ मध्ये त्यांचे रीतिरिवाज लिहून मान्य करावे लागले. हे सारे खरे आहे. पण गावकर कोण? तर गावकराचा मुलगा. मुलीला तो हक्क नव्हता, आणि गावात पिढ्यान् पिढ्या राबणाऱ्या इतरांनाही नव्हता. जन्माने मिळालेल्या अधिकाराचा दोष राजवाड्यातच असतो असे नाही.

साखळीकर

गावकरीबद्दलचे म्हणणे मला पटले. त्या बाजूने मी कधी पाहिले नव्हते. दत्तकाचा मुद्दाही मान्य. तरी शाहू महाराजांचा १९०२ चा हुकूम त्या काळच्या कोणत्या सभेने मंजूर केला असता, याचे उत्तर अजून मिळालेले नाही, आणि तोपर्यंत मी माझे म्हणणे पूर्ण मागे घेणार नाही.

डिचोलीचा वाचक

प्रश्न रास्त आहे आणि त्या वर्षी कोणत्याही सभेने तो मंजूर केला नसता, हे मी मान्य करतो. पण औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आठवा. त्यांनी १९३९ मध्ये आपल्या छोट्या संस्थानाची सत्ता ग्रामपंचायतींकडे सोपविली, आणि त्या राज्यघटनेच्या घडणीत गांधीजींनी स्वतः लक्ष घातले. चांगले काम करून ते आपल्या मुलाच्या भरवशावर सोडण्याऐवजी त्यांनी ते प्रजेच्या हवाली केले. माझ्या यादीत त्यांचे नाव सयाजीरावांच्याही वर आहे.

अंत्रुजचा मास्तर (फोंडा)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सोमवारी मुंबईच्या आंदणापासून सुरुवात करीन आणि औंधवर थांबेन. साखळीकरांचा प्रश्न मात्र मी त्या मुलीलाच देणार आहे: १९०२ मध्ये तू कोल्हापुरात असतीस आणि तुला मत असते, तर ते तू कोणाला दिले असतेस, आणि ते मत तुला मुळात कोणी दिले असते? वकीलबाई, गावकरीविषयी आपण एखाद्या शनिवारी वर्गात येऊन बोलाल का? आमच्या मुलांपैकी निम्म्यांची घरे गावकरांची आहेत आणि उरलेल्यांची नाहीत.