माउस झोपतोय, बिघडलेला नाही

माउस दोन सेकंद हलवला नाही की बंद पडतो आणि क्लिक केल्यावरच जागा होतो म्हणताय ना, मग वरती कुणी सांगितलंय तसं उबंटू (तुमची लिनक्स सिस्टीम) परत टाकायच्या भानगडीत अजिबात पडू नका. बॅटरी वाचवायला पॉवरटॉप या लिनक्सच्या टूलचं ऑटो-ट्यून (सगळ्या वीजबचतीच्या सेटिंग एका फटक्यात चालू करणारं) चालवलंय का? ते यूएसबीचं ऑटोसस्पेंड, म्हणजे न वापरलेलं उपकरण आपोआप झोपवणं, माउसलाही लावून टाकतं आणि त्याची डिफॉल्ट मुदत २ सेकंदच असते, तंतोतंत तुमचंच लक्षण. टर्मिनलमध्ये सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार देणारी कमांड) लावून पॉवरटॉप उघडा, टॅब दाबत ट्यूनेबल्स या सेटिंगच्या यादीत जा, माउसच्या ओळीपुढे 'गुड' असेल तिथे एंटर मारा, 'बॅड' झालं की घाबरू नका, म्हणजे माउसची वीजबचत बंद झाली, आपल्याला तेच हवंय. रीबूटनंतर परत तसंच झालं तर ऑटो-ट्यून स्टार्टअपला कुठे लावलंय ते शोधून काढून टाका.