बर्बनची सवय, स्कॉचचे कुतूहल

प्रश्न (मडगाव):
अनेक वर्षे मी बर्बन ही अमेरिकी व्हिस्कीच पीत आलो असून तिच्यातला व्हॅनिला आणि करपलेल्या साखरेचा गोडवा जिभेवर बसला आहे. आता स्कॉच चाखावीशी वाटते; मात्र पहिलीच बाटली महागाची घेऊन पस्तावायचे नाही. सुरुवात कोठून करावी?

उत्तर (फोंडा):
बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका असतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओक पिंपात मुरते. तीच रिकामी पिंपे पुढे स्कॉटलंडला जातात, म्हणून त्यांत मुरलेली ग्लेनमोरँजी ओरिजिनल किंवा मंकी शोल्डर ही स्कॉच आपल्याला परकी वाटणार नाही. धुरकट लॅफ्रोएग तूर्त दूर ठेवा. केवळ लेबलावरच्या वयासाठी जादा पैसे मोजू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर (पणजी):
स्कॉच नव्हे, तरी आपल्या कुंकळ्ळीची पॉल जॉन ब्रिलियन्स आधी घ्याच. सहा-रांगी (कणसात दाण्यांच्या सहा ओळी असलेल्या) जवाची ही सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत निव्वळ मोड आणलेल्या जवापासून केलेली व्हिस्की, बर्बनच्याच पिंपात मुरते, ४६ टक्के अल्कोहोलवर बाटलीत भरली जाते, आणि इथल्या उष्म्यामुळे ती स्कॉटलंडपेक्षा लवकर तयार होते, मात्र पिंपातली दारूही फार वेगाने उडते. काल मी ग्लासात चमचाभर पाणी घालून दहा मिनिटे झाकून ठेवले, तेव्हा मधाचा वास स्पष्ट वर आला.

मडगाव:
मनापासून आभार. शनिवारी ब्रिलियन्स आणतो आणि बर्बनशेजारी ठेवून दोन्हींचे घोट आलटून पालटून घेतो.