‘डेटाबेस इज लॉक्ड’ आलं म्हणून लगेच पोस्टग्रेस?
एसक्यूलाइट (एका फाइलमध्ये राहणारा डेटाबेस) वापरताना ही एरर आली की ते सोडून पोस्टग्रेस (स्वतंत्र सर्व्हर म्हणून चालणारा डेटाबेस) घ्यावं, असं काहीजण सुचवतात. इतकी घाई नको. एका वेळी एकालाच लिहिता येतं हे खरं, पण बिझी टाइमआउट, म्हणजे लॉक सुटायची वाट बघण्याची मुदत, मुळात शून्य असतो (ॲपला डेटाबेसशी जोडणारे काही ड्रायव्हर स्वतःची मुदत लावतात), त्यामुळे दुसरा लिहिणारा थांबतच नाही, थेट एरर देतो. तो ५००० मिलिसेकंद करा, आणि प्रत्येक कनेक्शनवर करा. हे हमखास विसरलं जातं. जर्नल मोड (बदल नोंदवण्याची पद्धत) वॉल (WAL, बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहिणं) ठेवा, म्हणजे लिहिणं चालू असतानाही वाचणं अडत नाही.

तरीही एरर येतेय? मग बहुधा ट्रान्झॅक्शन (एकत्र पार पडणारा कामांचा गट) आधी वाचतंय, नंतर लिहितंय. मधल्या वेळात दुसऱ्याने लिहिलं असेल तर टाइमआउट कितीही वाढवा, उपयोग नाही. तिथे ‘बिगिन इमिजिएट’ने सुरुवात करा, म्हणजे लिहिण्याचा हक्क आधीच मिळतो.

बॅकअपसाठी चालू फाइल नुसती कॉपी करू नका, ताजा डेटा वॉल फाइलमध्येच राहून जातो. ‘व्हॅक्यूम इन्टू’ ही पूर्ण डेटाबेसची नवी प्रत काढणारी कमांड वापरा.

ॲप दोन मशीनवर चालवायचं असेल तर मात्र पोस्टग्रेसच. वॉलला सगळ्या प्रोसेसमध्ये सामायिक मेमरी लागते, म्हणून दोन मशीननी वाटून घेतलेल्या नेटवर्क ड्राइव्हवर ते चालत नाही. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनला स्वतंत्र प्रोसेस लागते आणि मूळ मर्यादा १०० कनेक्शनची, तेव्हा पूलिंग (मोजकी कनेक्शन आलटून पालटून वापरणं) पहिल्या दिवसापासून लावा.