चांद्रयान-३ उतरलं ती जागा दुर्बिणीतून सापडत नाहीये, प्लीज लवकर सांगा

छतावरचा:
मदत हवी आहे आणि जरा लवकर. काल कोजागिरीला इथे इंदूरला आमच्या सुदामानगरच्या गच्चीवर दुर्बीण लावली, दूध आटवून तयार, सगळे जमले, आजोबांना शिवशक्ती पॉइंट, म्हणजे यान उतरलं ती जागा, दाखवायचा होता तर तासभर खटपट करूनही काही सापडलं नाही. चंद्राच्या अगदी खालच्या टोकाला बघत होतो, फोकस नीट होता, तरी नुसतं पांढरंफटक. आजोबा ८१ वर्षांचे आहेत, २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयानाचा विक्रम लँडर उतरला तेव्हा टीव्हीसमोर हात जोडून बसले होते, तेव्हापासून म्हणतात एकदा ती जागा डोळ्यांनी बघायचीय. शनिवारी सकाळी मला पुण्याला निघायचंय. नेमकं कुठे बघायचं तेवढं सांगा.

निरभ्र:
दुर्बीण कुठली? आरसा किंवा भिंग किती मिमी? आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं, कुठली आहेत?

पोहे_जिलबी:
मोबाइलमध्ये अ‍ॅप टाका, आकाशाकडे धरलं की सगळ्याची नावं येतात, माझा मुलगा रोज वापरतो.

निरभ्र:
अ‍ॅपनं चंद्र कुठे आहे ते कळेल, त्यांना चंद्रावरची जागा शोधायचीय, ते वेगळं काम आहे.

छतावरचा:
११४ मिमी, आरशाची. आयपीस २५ आणि १०. पण चंद्र स्पष्ट दिसत होता हो, दुर्बिणीचा प्रश्नच नाहीये, जागा सांगा ना.

रात्रपाळी:
जागा सांगून उपयोग नाही. विक्रम जेमतेम दोन मीटरचा आहे, ११४ मिमीच्या दुर्बिणीत चंद्रावरचं साधारण दोन किलोमीटरचं काहीतरी ओळखू येतं, अवकाशातल्या हबल दुर्बिणीलासुद्धा तिथलं नव्वदेक मीटरपेक्षा लहान दिसत नाही. नासाच्या चंद्राभोवती फिरणाऱ्या एलआरओ यानानं २७ ऑगस्ट २०२३ ला विक्रमचा फोटो घेतलाय, त्यात भोवतीची धूळ उडून झालेलं उजळ वर्तुळपण दिसतं. तो मोठ्या स्क्रीनवर दाखवा, आजोबांना उगाच आशा लावू नका.

निरभ्र:
लँडर दाखवा असं ते म्हणालेच नाहीत, जागा म्हणालेत. जागा दिसते. मी स्वतः १३० मिमीतून पाहिलीय.

रात्रपाळी:
जागा म्हणजे काय शेवटी, एक विवर. फोटोच बरा.

तिलकनगरची_काकू:
आमच्या सासऱ्यांना मी दुर्बिणीतून शनीची कडी दाखवली होती, ते महिनाभर तेच बोलत होते. फोटो तर पेपरात रोजच येतात. दाखवा हो आजोबांना, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का पण त्यांचं?

छतावरचा:
हो काकू, दोन्ही डोळ्यांचं झालंय, छान दिसतं त्यांना. दक्षिण ध्रुव खालीच असतो ना पण?

निरभ्र:
तिथेच चुकलंय. आरशाच्या दुर्बिणीत चित्र उलटं येतं, वरचं खाली, डावं उजवीकडे, म्हणजे तुम्ही तासभर उत्तर टोक बघत होतात. दुसरं, पौर्णिमेला विवरं बघायचीच नसतात, ऊन समोरून पडतं, सावल्या नसतात, म्हणून पांढरंफटक. उजेड-अंधाराची रेषा जवळ असते तेव्हा विवरांच्या कडा उठून दिसतात. या जागेवर ऊन येतं शुद्ध पंचमीच्या आसपास आणि मावळतं वद्य पंचमीला. विक्रमपण शुद्ध सप्तमीला, तिथली सकाळ असतानाच उतरला होता, पुढचे १४ दिवस ऊन मिळावं म्हणून.

तिलकनगरची_काकू:
वद्य पंचमी म्हणजे संकष्टीचा दुसरा दिवस! शुक्रवारी संकष्टीच आहे, आजी उपास सोडायला चंद्र बघतीलच.

निरभ्र:
अगदी बरोबर काकू, शुक्रवारी रात्रीच करा. चंद्रोदयाला नाही, तेव्हा तो खाली असतो, हवेनं थरथरतो. दोन तास थांबा. वर-खाली काही बघू नका, टायको विवर शोधा, ज्याच्यातून पांढरे पट्टे फुटलेत ते, ते ज्या टोकाजवळ ते दक्षिण. तिथून काठाकडे जाताना क्लेव्हियस, मोठं, आत लहान विवरांची कमान. मग काठाकाठानं अंधाराच्या बाजूला वळा, मॅन्झिनस लागेल, सुमारे ९८ किमीचं, काठाजवळ असल्यामुळे लांबट दिसतं. त्याच्या आणि पुढच्या बोगुस्लाव्स्की विवराच्या मधली जमीन, तीच. आधी २५ चा आयपीस, मग १० चा.

गणित_मास्तर:
एक दुरुस्ती, आपण सगळे दक्षिण ध्रुवावर उतरलं म्हणतो, ते ध्रुवावर नाही. ६९.३७ अंश दक्षिण अक्षांश आहे, ध्रुव तिथून सव्वासहाशे किमी लांब.

मालवा_एक्सप्रेस:
असं बोलून कशाला कमी लेखायचं? त्याआधी इतक्या दक्षिणेला कोणी अलगद उतरलं नव्हतं. चार दिवस आधी रशियाचं लुना-२५ आदळलं.

गणित_मास्तर:
कमी नाही लेखत, मलाही अभिमान आहे, पोरांना बरोबर आकडा सांगावा एवढंच. ध्रुवाजवळच्या काही विवरांत ऊन पोचतच नाही, तिथे बर्फ टिकतो. शिवशक्तीला तर ऊन पडत होतं, विक्रमवरच्या चास्टे उपकरणानं जमिनीच्या पृष्ठभागावर पन्नास अंश सेल्सियसच्या पुढे तापमान मोजलं आणि फक्त ८ सेंटीमीटर खाली शून्याखाली १०.

पोहे_जिलबी:
चांद्रयान-४ माती आणणार आहे, २०२४ च्या सप्टेंबरात मंजुरी मिळाली. चीननं त्याच वर्षी चंद्राच्या मागच्या बाजूची १९३५.३ ग्रॅम आणलीसुद्धा.

मालवा_एक्सप्रेस:
उज्जैनच्या जीवाजी वेधशाळेतपण घेऊन जा आजोबांना, तासाभराचा रस्ता.

छतावरचा:
(शुक्रवार, रात्री ११:४०) सापडलं!! टायको पटकन मिळालं, क्लेव्हियसची कमान आजोबांनीच आधी ओळखली. मॅन्झिनसच्या आत अर्धी काळी सावली आहे, तुम्ही म्हणालात तसंच लांबट. पलीकडची जमीन दाखवली तर बराच वेळ डोळा काढला नाही, मग आजीला हाक मारली, "अगं ये, इथे उतरलंय आपलं." आता आजी बघतेय. पण १० च्या आयपीसमध्ये चंद्र सारखा बाजूला सरकतो, दर मिनिटाला मला दुर्बीण हलवावी लागते आणि ती परत भलतीकडे जाते. याला काय करू? कोणी जागं आहे का?

निरभ्र:
आहे. स्टँडला लांब लवचिक दांड्याचे दोन नॉब आहेत का, फोटो टाका.