पीसी कॅबिनेटचे पंखे सारखे चढतात-उतरतात, बदलू का?

सिडकोकर: पीसी घरीच जोडलाय. पुढे १२० मिमीचे दोन पंखे, मागे एक, तिन्ही तीन पिनांचे. नुसता ब्राउझर उघडला तरी घूंऽऽ करून चढतात, लगेच उतरतात. आई त्याच खोलीत झोपते, तिची झोप मोडते. चार पिनांचे घेऊ?

पंचवटी_पीसी: थांबा, पैसे घालवू नका. मोड डीसीच (व्होल्टेज कमी-जास्त करून वेग बदलणारा) असणार, नाहीतर तीन पिनांचे पंखे कायम १२ व्होल्टवर, म्हणजे पूर्ण वेगाने पळाले असते. प्रोसेसरचं तापमान क्षणात उडी मारतं, पंखे त्याच्यामागे धावतात. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) स्टेप-अप टाइम, म्हणजे पंख्याला वेग चढवायला लागणारा वेळ, वाढवा; तापमानानुसार वेग दाखवणारी रेषा ६० अंशांपर्यंत सपाट ठेवा.

नाशिकरोडवाला: सहमत. आणि पुढची जाळी काढून धुवाच, सिडकोत अंबडच्या कारखान्यांची धूळ फार. घ्यायचेच झाले तर १४० मिमी बसतात का बघा. कमी फेऱ्यांत तेवढीच हवा.

सिडकोकर: स्टेप-अप वाढवला, घूंऽऽ गेलं! खूप आभार. जाळी रविवारी.