आई शिकलेली असली की बाळ पूर्ण दिवसांचं होतं का?

नौपाडेकर (धागाकर्ता)
कमी शिकलेल्या आयांची बाळंतपणं ३७ आठवड्यांआधी होण्याचं प्रमाण जास्त असतं, असं अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसलं आहे. २०२० साली जगात अंदाजे १ कोटी ३४ लाख बाळं अशी अपुऱ्या दिवसांची जन्मली, त्यातली ३० लाखांच्या आसपास भारतात. मुलगी पदवीपर्यंत शिकली की लग्न लांबतं, दोन मुलांत अंतर राहतं, मिश्री सुटते. अशा बाळांना ठेवायच्या काचेच्या पेट्या हव्यातच, पण मुलींचं कॉलेज त्याहून स्वस्त पडतं. बोला.

तुर्भेवाली
काका, पदवी गर्भाशयाला दिसत नाही. मी अंगणवाडीत आहे. आमच्या वस्तीतल्या दहावी-बारावी झालेल्या पोरीही दिवसभर उकिडव्या बसून कांदा निवडतात. पाणी मुद्दाम कमी पितात, कारण जवळपास धड संडास नाही. मग लघवीचा जंतुसंसर्ग, आणि त्यातून वेळेआधी कळा. या साखळीत बारावीचं सर्टिफिकेट कुठे बसवता ते सांगा.

नौपाडेकर
ती बारावी झाली आणि तरी कांदा निवडते, हा नोकऱ्यांचा प्रश्न. पण मग युरोपचं काय? तिथे बहुतेक ठिकाणी बाळंतपणाला पैसे पडत नाहीत, तरी कमी शिकलेल्या आयांत प्रमाण जास्तच निघतं. म्हणजे नुसत्या दवाखान्याने भागत नाही.

प्रश्नचिन्ह
नुसत्या पदवीनेही भागत नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीय बायका कॉलेज शिकल्या तरी तेवढ्याच शिकलेल्या गोऱ्या बायकांपेक्षा त्यांची बाळंतपणं जास्त प्रमाणात लवकर होतात. पुस्तकं तीच, जगणं वेगळं. शिक्षणाचा आकडा बऱ्याचदा घर, पगार आणि मान यांच्या बदल्यात मोजला जातो, कारण फॉर्मवर तो विचारायला सोपा.

घोडबंदर_१९वा_मजला
आमच्या टॉवरमध्ये सगळ्या इंजिनीयर नाहीतर सीए. पस्तिशीनंतर पहिलं मूल, आयव्हीएफ, जुळी, बीपी. एनआयसीयूचं (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचं) बिल भरणारी दोन घरं तर आमच्याच मजल्यावर. शिवाय मुहूर्त बघून सिझेरियन! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ मध्ये खासगी रुग्णालयांत सिझेरियन ४७.४ टक्के, सरकारीत १४.३. शिकलेल्यांचं कौतुक जरा आवरा.

सिस्टर_ऐरोली
सिझेरियन जास्त म्हणजे दिवस अपुरे, असं नाही हो. काही तातडीचं कारण नसेल तर ३९ आठवडे पूर्ण होऊ द्यावेत असाच सल्ला असतो. मुहूर्तासाठी ३६व्या आठवड्यात घाई करणारे भेटतात, ते मात्र खरं, आणि ते चांगले शिकलेलेच असतात! जुळ्यांचा मुद्दा मान्य.

शिक्षणाचा फरक मला दिसतो तो वेगळ्याच जागी. शेवटच्या पाळीची तारीख विचारली तर काही जणी "होळीच्या आसपास" म्हणतात. सुरुवातीची सोनोग्राफीही नसेल तर बाळ ३३ आठवड्यांचं की ३६, इथूनच अंदाज. दुसरं, पाणी गेलं की वाचता-लिहिता येणारी बाई बहुधा लगेच निघते. बाळाच्या फुप्फुसांसाठी ३४ आठवड्यांच्या आत स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, त्यांना साधारण दिवसभर तरी मिळायला हवा. कळा अंगावर काढून आली तर तो दिवस हातचा गेलेला असतो.

प्रश्नचिन्ह
सिस्टर, पण याने बाळ वाचतं, लवकर जन्मायचं थांबत नाही. धाग्यात या दोन गोष्टींची खिचडी होतेय.

सिस्टर_ऐरोली
बरोबर, दोन वेगळ्या गोष्टी. पण आईला काय, बाळ घरी न्यायचं असतं.

मावशी_डोंबिवली
निघायचं की नाही हे ती ठरवते कुठे? सासू म्हणते थांब, नवरा फोन उचलत नाही. आमच्याकडे अजून म्हणतात, सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. उलट आहे, पोटात जितके दिवस जास्त तितकं बरं. नवऱ्याचं आणि सासूचं शिक्षण कोणी मोजलंय का, की खापर दर वेळी आईवरच?

तुर्भेवाली
मावशी, शंभर टक्के. त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत गरोदर बायकांपैकी ५२ टक्के रक्तक्षयी निघाल्या. रक्तवाढीच्या गोळ्या आम्ही फुकट देतो. त्याने मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून त्या डब्यात पडून राहतात. समजावून सांगितलं तर न शिकलेलीही घेते.

आणि काका, आराम हे पण औषधच. २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पण दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांत. घरकामवालीला त्यातलं काय? तुमच्याकडे भांड्याला येणारी गरोदर राहिली तर पगारी सुट्टी किती देता?

नौपाडेकर
सहा महिने नाही परवडणार, खोटं कशाला बोलू. दोन महिने देईन. पण तिची मुलगी पदवीधर होऊन २६ आठवडे देणाऱ्या ऑफिसात लागली, तर तिला माझ्या दोन महिन्यांवर अवलंबून राहावं लागणार नाही. मी पहिल्यापासून तेच म्हणतोय.

तुर्भेवाली
तोवर वीस वर्षं जातील. भांडी उद्या सकाळी सातला आहेत.