रबर डॅमच्या (दाताभोवती ताणायच्या रबरी शीटच्या) कडेने हायपो (रूट कॅनल धुवायचं ब्लीचसारखं द्रावण) झिरपतं. तुम्ही काय लावता?

प्रश्न (चिपळूण)
क्लिनिक काढून आठच महिने झालेत. काल 36 ची (खालच्या डाव्या पहिल्या दाढेची) रूट कॅनल होती, जिभेकडची भिंत हिरडीपर्यंत गेलेली. क्लॅम्प (शीट दाताला धरून ठेवणारी पकड) बसला, शीट ताणली, फटीत लिक्विड डॅम (लाइटने घट्ट होणारं लिंपण) सोडून लाइट मारला. दुसऱ्या इरिगेशनलाच (हायपोने धुताना) काकू हात हलवायला लागल्या. सगळं काढल्यावर म्हणाल्या, "डॉक्टर, नळाला टीसीएलचं पाणी आलं की असंच लागतं!" नशीब, हायपो 3 टक्केच होतं आणि सक्शन हाताशी होतं. लिक्विड डॅमचा अख्खा तुकडा सुटून शीटवर पडलेला. माल खराब की माझा हात?

उत्तर (सांगली)
डॉक्टर, दोन्ही नाही, ओल. लिक्विड डॅम म्हणजे रेझिन. लाळ किंवा रक्त असेल तर ते नुसतं वर बसतं, धरत नाही. आधी रक्त थांबवा, हवेने कोरडं करा, मग शीट आणि दात दोन्हींवर थोडं थोडं चढेल असं सोडा. जाड थर लाइटने एकदम क्युअर (घट्ट) करू नका, हिरडीला चटका बसतो. भूल दिलेली असली तर पेशंट सांगणारही नाही.

जिथे कोरडं होणारच नाही तिथे पुटी, म्हणजे फट बुजवायची लांबी. ओरासीलसारखी पुटी ओल्यावरही चिकटते. ओल्या कापसाच्या बोळ्याने दाबायची, बोटाने दाबलीत तर ग्लोव्हलाच येते.

पण खरं सांगू? भिंतच नाही तिथे लांबी भरून किती दिवस भागवणार? आधी कंपोझिटने (दाताच्या रंगाच्या फिलिंगने) भिंत उभी करा, मग डॅम लावा. वीस मिनिटं जातात. मी सुरुवातीची पाच-सहा वर्षं ती वाचवत होतो आणि दर आठवड्याला तुमच्यासारखाच घामाघूम होत होतो.

आणि हायपोच्या आधी साध्या पाण्याची सिरिंज मारून बघा. गळायचं तर पाणी गळू दे.

उत्तर (नाशिक)
सरांशी सहमत. छोट्या फटीला मी प्लंबरची टेफ्लॉन टेप वापरते, ऑटोक्लेव्ह करून. पिळून वात करायची आणि क्लॅम्पखाली सारायची. हार्डवेअरवाला विचारतो, "मॅडम, नळ अजून गळतोच का?"

प्रश्नकर्ता
मॅडम 😄 काकू गुरुवारी येतायत. आधी भिंत, मग पाण्याची सिरिंज. सर, मॅट्रिक्स बँड (भिंत भरताना दाताभोवती लावायची पट्टी) जिभेकडे टिकत नाही, तिथे काय करता?